विमानाच्या चाकखात्यातले अप्पा

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी परभणीत होते, शिक्षकांच्या प्रशिक्षणात. दुपारच्या चहाची सुट्टी नुकतीच झाली होती. शिवानंद, माझे पती, फोनवर एवढंच म्हणाले, "शैला, निघ. अप्पा जेवून ओसरीवर टेकले होते... उठलेच नाहीत." स्टँडवर गाडी मिळेपर्यंत आणि मग गंगाखेडला बस बदलून पालमला पोचेपर्यंत तीन तास गेले. त्या तीन तासांत मला रडू आलं नाही. गल्लीत शिरले तर दारापुढे नातेवाइकांच्या आधी मला टायरवाले दिसले. पुढे मुनीरभाई, त्यांच्यामागे आणखी चार-पाच जण, काळ्या झालेल्या बोटांचे, भिंतीला टेकून उभे. पालममधल्या टायरच्या दुकानांनी त्या दिवशी शटर ओढलं होतं. बाहेरगावाहून आलेल्या एका पाहुण्यांनी मला हळूच विचारलं, "अप्पांचं टायरचं दुकान होतं का?" मी नाही म्हणाले. पुरतं उत्तर द्यायची ती वेळ नव्हती. म्हणून आता, पाच आठवड्यांनी, ते लिहायला बसले आहे.

अप्पा म्हणजे माझे सासरे, विश्वनाथ. मूळचे पालमकडचेच. तरुणपणी फिटरचं शिक्षण घेऊन ते हैदराबादला गेले आणि तिथल्या विमानतळावर एका विमान कंपनीच्या चाकखात्यात लागले. विमानातून उतरवलेली चाकं तिथं यायची. ती खोलायची, तपासायची, नवा टायर चढवायचा, तो भरायचा आणि चाक परत पाठवायचं... सगळी नोकरी त्यांनी ह्याच एका खात्यात काढली. सुट्टीत गावी आले की लोक त्यांना 'विमानवाले अप्पा' म्हणायचे आणि विचारायचे, "तुमी चालवता का?" अप्पा म्हणायचे, "न्हाई. मी उतरवतो." लोकांना तो विनोद वाटायचा. अप्पा मात्र खरंच सांगत असायचे. विमान आभाळात कसं राहतं ह्यात त्यांना फारसा रस नव्हता. ते जमिनीला टेकतं त्या घडीचं सगळं त्यांना ठाऊक होतं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते चुडाव्याला, माझ्या माहेरी. ते मंडळींसोबत मला बघायला आले होते. चहा झाला, चिवडा झाला, बाकीच्यांनी जे विचारायचं ते विचारलं. अप्पा गप्पच. निघताना उंबऱ्यापाशी थांबून मला म्हणाले, "बाई, तुमी विज्ञान शिकवता म्हणं. विमानाच्या टायरात काय भरत्यात?" मी म्हणाले, "हवा." ते म्हणाले, "हवा न्हाई. नायट्रोजन. हवेत ओल असती. वर लय थंडी, त्या ओलीचा बर्फ होतो. आन् खाली उतरून ब्रेक दाबला की चाक असं तापतं की विचारू नका, तवा हवेतला ऑक्सिजन आगीला मदत करतो. नायट्रोजन गप बसणारा गडी हाय." एवढं बोलून चपला घालून निघून गेले. माझी आई कितीतरी दिवस शेजारणींना सांगत होती, "स्वयंपाक येतो का ते न्हाई विचारलं, टायराचं विचारलं." मला मात्र त्या घरात जावंसं वाटलं ते त्या प्रश्नामुळेच. उत्तर चुकलं तरी माणूस हसला नव्हता, नीट समजावून गेला होता.

निवृत्त होऊन ते पालमला आले आणि आमच्या घराला एक वेगळाच विषय मिळाला. संध्याकाळी मी पोळ्या लाटायची आणि अप्पा स्वयंपाकघराच्या दाराशी पाट घेऊन बसायचे. विमानाच्या टायरावर ट्रॅक्टरसारखी नक्षी नसते, नुसत्या सरळ गोल रेघा असतात, पाणी बाहेर निघून जावं म्हणून, हे मला त्यांनी कणकेच्या गोळ्यावर काट्याच्या चमच्यानं ओढून दाखवलं. विमान टेकताना चाकाखालून धूर का निघतो? तर तोवर चाक स्थिर असतं, त्याला एका क्षणात विमानाइतक्या वेगानं फिरायचं असतं, ते जमेपर्यंत रबर घासलं जातं. टायर झिजला की टाकून देत नाहीत, वरचा थर काढून नवा चढवतात, असं एकाच टायरचं कितीदा तरी होतं. मी हे ऐकून दचकले तर म्हणाले, "आतला सांगाडा चांगला असला की झालं. तो आमी आधी तपासतो." चाकात एक बूच असतं, चाक फारच तापलं तर ते वितळतं आणि नायट्रोजन हळूहळू निघून जातो. "फुटण्यापरीस बसलेला टायर बरा," असं ते म्हणायचे. आणि तापलेल्या चाकाजवळ जायचंच झालं तर समोरून किंवा मागून जायचं, बाजूनं कधीच नाही. हे सांगताना त्यांचा आवाज जरा बदलायचा. मला वाटायचं, शिकवताना माझाही बदलतो तसाच.

त्यांची एक सवय आमच्या घरात सगळ्यांना लागली. नवा टायर भरला की तो ताणतो, आतला दाब थोडा उतरतो, म्हणून चाक एक दिवस तसंच ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी दाबाचं गेज लावून पुन्हा मोजायचं, असा त्यांच्या खात्याचा नेम. अप्पांनी तो नेम सगळीकडे लावला. मला मुख्याध्यापकपदासाठी विचारणा झाली, मी लगेच नाही म्हणायला निघाले होते. अप्पा म्हणाले, "एक दिवस ठेवा. उद्या परत गेज लावून बघा." दुसऱ्या दिवशी मी हो म्हणाले.

एकदा आम्ही त्यांना विमानानं पुण्याला नेलं, माझ्या नणंदेकडे. विमानाच्या खाली आयुष्य गेलेला माणूस प्रवासी म्हणून आत बसला तो पहिल्यांदाच. खिडकीची जागा त्यांनी मला दिली आणि स्वतः डोळे मिटून बसले. मला वाटलं, घाबरले. उतरायची वेळ आली आणि पायाखाली धडधड झाली, तशी पलीकडच्या बाईंनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. अप्पा डोळे न उघडता म्हणाले, "झाकणं उघडली..." मग जोराचा वारा घुसल्यासारखा आवाज आला. "चाकं निघाली..." मग एक ठोका. "बसली. कुलूप लागलं." आणि त्या बाईंकडे वळून म्हणाले, "आता काळजी न्हाई, ताई. यंत्रानं साथ दिली न्हाई तरी चाकं आपल्या वजनानं खाली येत्यात, तशी सोय असती." त्या बाई त्यांना विमानाचे डॉक्टर समजल्या असाव्यात. उतरताना त्यांनी अप्पांना वाकून नमस्कार केला.

शिवानंदना ह्या गोष्टींचं कौतुक नव्हतं. त्यांचं औषधांचं दुकान आहे, माणूस सरळ आहे, पण वडिलांबद्दल त्यांच्या मनात एक कडू गाठ होती. अप्पांच्या बरोबरीचे सगळे पर्यवेक्षक झाले, कुणी त्याच्याही वर गेले. अप्पा मेकॅनिक म्हणून लागले आणि मेकॅनिक म्हणूनच निवृत्त झाले. "एवढी अक्कल असून पुढं जायची इच्छाच नव्हती," असं ते म्हणायचे. आणखी एक जुनी गोष्ट घरात तक्रारीसारखी सांगितली जायची. पहिला मुलगा झाला, पालमला बारसं ठरलं, पाहुणे जमले आणि बाप आलाच नाही. सासूबाई, आम्ही त्यांना आई म्हणतो, हे ऐकलं की काहीतरी कामाला उठून जायच्या.

आता मुनीरभाईंबद्दल. बसस्टँडच्या पुढे त्यांचं टायरचं दुकान. अप्पा सकाळी पेपर वाचायला स्टँडवर जायचे, तेव्हा त्यांना रोज दिसायचं ते असं: मालट्रकचं चाक जमिनीवर आडवं पडलेलं, त्याच्या कडेला टायर धरून ठेवणारी लोखंडी रिंग ठोकून बसवलेली, आणि मुनीरभाई त्यावर पाय देऊन, वाकून हवा भरतायत. रिंग नीट बसली नसली तर आतल्या दाबानं ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. टायरवाल्यांना हे माहीत नसतं असं नाही. रोज काही होत नाही, म्हणून चालून जातं. अप्पांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मुनीरभाई, चाक पिंजऱ्यात ठेवून भरा." मुनीरभाई हसले. "अप्पा, तुमचे टायर आभाळातले. आमचे मातीतले. मातीत कुठं पिंजरा लागतो?"

अप्पा चिडले नाहीत. त्यांनी शाळेच्या वहीच्या कागदावर पिंजरा काढला, जाड पाइपांचा, मागून-पुढून उघडा, बाजूंनी बंद. वेल्डरकडे चार दिवस बसून तो करून घेतला आणि हातगाड्यावर घालून मुनीरभाईंच्या दारात नेऊन ठेवला. पंधरा दिवसांनी मी बाजारातून येताना पाहिलं, तर पिंजऱ्याला जाळी बांधून आत मुनीरभाईंच्या कोंबड्या ठेवल्या होत्या. मला हसू आवरेना. घरी येऊन सांगितलं तर अप्पा हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पेपर घेऊन ते मुनीरभाईंच्या बाकड्यावरच बसायला लागले. मालट्रकचं चाक आलं की पेपर घडी करायचे, उठायचे आणि नुसते बघत राहायचे. काही बोलायचे नाहीत. मुनीरभाई नाइलाजानं कोंबड्या काढून चाक पिंजऱ्यात ठेवायचे. महिनाभर असं चाललं. शिवानंद म्हणायचे, "गावात हसायलेत लोक. म्हाताऱ्याला टायराचं येड लागलंय म्हणायलेत." अप्पा म्हणायचे, "म्हणू दे."

ऊसतोडीचे दिवस होते. एका दुपारी मुनीरभाई आमच्या घरी आले, कधी आले नव्हते ते. चेहरा पांढरा पडलेला. ओसरीवर बसले. मी पाणी दिलं ते हातातच राहिलं. अप्पा त्या दिवशी तापानं घरीच होते, आतून बाहेर आले. मुनीरभाई म्हणाले, "अप्पा, उसाच्या ट्रकचं चाक होतं. तुमी न्हाई आले आज... मी म्हणलं, आज तरी पाय देऊन भरू का पटकन. मग म्हणलं, म्हातारा उद्या विचारील. कोंबड्या काढल्या आन् चाक आत ठेवलं." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "रिंग सुटली. पाइप वाकला हो अप्पा, एवढा जाड पाइप... मी असा ह्या बाजूला उभा होतो." त्यांनी हातानं छातीएवढी उंची दाखवली.

मला वाटलं अप्पा म्हणतील, बघा, मी सांगत होतो. अप्पा उभ्या जागीच खाली बसायला लागले. शिवानंद जेवायला घरी आले होते, त्यांनी पुढं होऊन धरलं आणि खुर्चीवर बसवलं. अप्पांनी पाणी मागितलं. ते पिऊन, आमच्यापैकी कुणाकडेही न बघता, त्यांनी सांगायला सुरुवात केली.

यादगिरी नावाचा त्यांचा जोडीदार होता, त्यांच्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान, हैदराबादचाच. दोघं एकाच टेबलावर चाकं जोडायचे. चाकखात्यात टायर भरायला लोखंडी पिंजरा असतो, त्याचं दार त्या दिवशी दुरुस्तीला काढलं होतं. एक चाक भरायचं राहिलं होतं. पाळी संपत आली होती. यादगिरी म्हणाला, दार उद्या येईल, उद्या भरू. अप्पा त्या पाळीला मोठे, शब्द त्यांचा. "मी म्हणलं, बाहरिच भर लो, पाँच मिनट का काम है. मला गाडी धरायची होती." गेज बिघडलेलं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. काटा कमी दाखवत राहिला आणि आत दाब चढत राहिला. अप्पा हात धुवायला नळावर गेले होते. "आवाज झाला. मी वळलो... तवर झालं होतं."

शिवानंदनी हळूच विचारलं, "कुठली गाडी धरायची होती, अप्पा?"

"तुझं बारसं होतं."

आई कोपऱ्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला नाही. त्यांना सगळं माहीत होतं, इतकी वर्षं.

पुढचं अप्पांनी थोडक्यात सांगितलं. चौकशी झाली. यादगिरीनं नियम मोडून पिंजऱ्याबाहेर चाक भरलं, असं लिहिलं गेलं. अप्पा त्या दिवशी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर जाऊन म्हणाले, नियम त्यानं मोडला नाही, मी मोडायला लावला, तसं लिहा. साहेब म्हणाले, लिहून झालंय, आता तुम्ही कशाला स्वतःचं नुकसान करता. अप्पा तिथंच उभे राहिले, कागद बदलेपर्यंत. त्यानंतर त्यांना बढती मिळाली नाही आणि त्यांनी कधी मागितलीही नाही. "एक दिवस गप बसलो मी," ते म्हणाले. "एकच दिवस. पण बसलो." यादगिरीच्या बायकोला, नरसम्माला, त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं की तो शब्द माझा होता. तिनं दार लावून घेतलं. पुढच्या वर्षी त्याच दिवशी अप्पा पुन्हा गेले. तिनं दार उघडलं नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. चौथ्या वर्षी उघडलं. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी ते जायचे. आम्हाला सांगायचे, पेन्शनचं काम आहे हैदराबादला.

मुनीरभाई उठले, अप्पांचा हात दोन्ही हातांत धरला आणि गेले. शिवानंद मागच्या अंगणात जाऊन उभे राहिले. मी त्यांच्यामागे गेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला जाण्याऐवजी ते अप्पांना मोटारसायकलवर बसवून वेल्डरकडे घेऊन गेले. वाकलेला पाइप बदलला, आणि आणखी तीन पिंजरे सांगून आले. पालममधल्या सगळ्या टायर दुकानांत आता पिंजरा आहे. कोंबड्या कुणी ठेवत नाही. त्या वर्षी शिवानंद म्हणाले, "अप्पा, मीही येतो तुमच्यासोबत हैदराबादला." अप्पा म्हणाले, "माझं मी जातो." ते शेवटपर्यंत एकटेच गेले, गुडघे दुखायला लागले तरी. पण बापलेकांमध्ये काहीतरी सैल झालं होतं. संध्याकाळी दुकान बंद करून आले की शिवानंद अप्पांजवळ बसायचे. फार बोलायचे नाहीत. चहा मात्र दोघांचा एकदम व्हायचा.

अप्पांना आमच्या रीतीप्रमाणे समाधीत बसवून माती दिली. चार दिवसांनी शिवानंदनी अप्पांच्या डायरीतून नंबर शोधून नरसम्माला फोन केला. अप्पा गेल्याचं सांगितलं. मग ती म्हणाली, "तारीख पे कौन आएगा?" शिवानंद म्हणाले, "मैं आता हूँ."

ती तारीख गेल्या आठवड्यात होती. आम्ही दोघं गेलो. गल्लीतलं दोन खोल्यांचं घर, दार सताड उघडं. नरसम्मा सत्तरीची, ठेंगणी, डोळ्यांना जाड चष्मा. तिनं शिवानंदकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "उनोच दिसते." म्हणजे हुबेहूब अप्पा. भिंतीवर यादगिरीचा फोटो होता, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, आमच्या लेकापेक्षा थोडाच मोठा. शिवानंद त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले. किती वेळ, ते मी मोजलं नाही. मग तिनं जेवायला वाढलं, भात, आंबट डाळ, वांग्याची भाजी. रडण्याचं काही झालं नाही. ती विचारत होती, शेवटी जेवले होते का? त्रास झाला का? मी सांगितलं, जेवले होते... त्रास झाला नाही. तिनं मान हलवली.

जेवण झाल्यावर तिनं बाजेखालून प्लॅस्टिकचा एक टब ओढून काढला. त्यात मिक्सरचं भांडं होतं, न लागणारी बॅटरी, काडी मोडलेली छत्री, एक अडकलेलं कुलूप, आणि ह्या सगळ्याखाली एक पान्हा. "साल भर जो बिगड़ता, सो इसमें रखती मैं," ती म्हणाली. "उनो आते, खाना खाते, फिर बैठ के ठीक करते. चालीस साल से ऐसाच है. और अंदर का नल भी टपकता."

शिवानंदनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात बल्बसुद्धा मी बदलते. पण त्यांनी बाह्या दुमडल्या, टबातून पान्हा घेतला आणि मोरीत जाऊन नळासमोर बसले. एकदा वायसर आणायला बाहेर गेले, तो लहान निघाला, परत गेले. दोन तास झाले. शर्ट भिजला, बोटाला खरचटलं. नळ घट्ट बसवून ते उठले आणि आम्ही तिघंही बघत उभे राहिलो. थोड्या वेळानं एक थेंब पडला. मग आणखी एक.

"माफ करो अम्मा," शिवानंद म्हणाले, "मेरे को आता नहीं."

नरसम्मानं नळाखाली पातेलं सरकवलं. छत्री, बॅटरी, कुलूप पुन्हा टबात भरलं, पान्हा पुसून त्यांच्यावर ठेवला, आणि टब पायानं बाजेखाली लोटला.

"बाकी का अगले साल," ती म्हणाली.